दोन बोटी आणि आम्ही दोघी

माझ्या नणंदेनं बोट घ्यायचं जाहीर केलं तेव्हा त्या आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी कोळंबी सोलत बसल्या होत्या. समोर माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पेपर वाचत होता.

“मी बोट घेतेय,” ताई म्हणाल्या, आणि सोललेली कोळंबी पातेल्यात टाकून पुढची उचलली.

“मांडव्याची?” नवऱ्यानं पेपराआडून विचारलं. त्याला वाटलं, तिकीट काढतायत.

“मांडव्याची कशाला? विकत घेतेय. जुनी. इंजिनवाली.”

पेपर खाली आला. नवऱ्यानं बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तरी काही खुलासा करीन असं त्याला वाटलं असावं. पण मलाही काही माहीत नव्हतं.

“मासे पकडणार हायस काय?” बहिणीशी बोलताना त्याच्या तोंडात आपोआप गावची बोली येते.

“नाय. फिरणार.”

“कुठं?”

“ते बोट घेतल्यावर बघू.”

ताई मूळच्या बेलपाड्याच्या. त्या गावाभोवती खारघरचे टॉवर उभे राहायच्या आधी घरची भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता. जमीन गेली, मोबदला आला. घरातल्या इतरांनी त्यातून बंगले बांधले, दुकानं काढली. ताईंनी आपल्या वाट्यातून एक मोटार घेतली, शेजारच्या सीटपुढे ब्रेक आणि क्लचचा दुसरा जोड बसवून घेतला आणि पनवेलमध्ये बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास सुरू केला. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर “वेळ नाय मिळाला” म्हणायच्या, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. आजही सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली होते, आणि आतली कुणी डॉक्टर, कुणी शिक्षिका, कुणी साइटवर निघालेली इंजिनियर “मॅडम!” म्हणून हात करते. ताईंना त्यांतल्या निम्म्यांची नावं आठवत नाहीत, पण कोण वळताना कशी चुकायची ते सगळ्यांचं आठवतं.

एवढी वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या वाटचा ब्रेक दाबता दाबता त्यांचे गुडघे गेले. हाडांच्या डॉक्टरांनी क्लास बंद करायला सांगितलं. त्यांच्याकडेच शिकून पुढे त्यांच्याबरोबर शिकवू लागलेल्या एका बाईकडे त्यांनी क्लास सोपवला आणि दोन-तीन महिने घरी बसून काढले. ते त्यांना जमलं नाही.

“मला आता असं कायतरी चालवायचंय,” त्या दिवशी कोळंबी धुताना त्या मला म्हणाल्या, “ज्याला पायानं दाबायचं कायच नाय. बोटीला सगळं हातात असतं.” मग हात पुसून म्हणाल्या, “अर्धी माझी, अर्धी तुझी. चालेल?”

मी एका विमा कंपनीत, मोटारींच्या दाव्यांच्या विभागात नोकरी केली. आयुष्यभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो पाहिले आणि मालकांनी त्या कशा चेपल्या याबद्दल लिहिलेल्या गोष्टी वाचल्या. जुनी वस्तू घेताना विकणारा काय बोलत नाही तिकडे माझं लक्ष जातं, म्हणून ताईंना मी बरोबर हवी असणार हे मला कळलं. पण अर्धी बोट? मी साताऱ्याकडची. माझ्या माहेरी पाणी म्हणजे विहीर आणि पाट. मला समुद्राची ओढ वगैरे कधी नव्हती.

तरी चार दिवसांनी मी हो म्हटलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आमच्या घरात आजवर जे जे आलं, त्याला काही ना काही कारण होतं. फ्रिजला होतं, घराला होतं, गाडीलाही होतं. या वस्तूला काहीच कारण नव्हतं, आणि विचार करता करता मला तेच आवडायला लागलं.

नवरा म्हणाला, “मी त्यात बसणार नाही, एवढं आधीच सांगतो.” त्याला जत्रेतल्या पाळण्यातही उलटी होते. तो येणार नव्हताच, पण बोटी बघायला मात्र प्रत्येक वेळी आला. धक्क्यावर ताजे मासे मिळतात हे एक, आणि दुसरं म्हणजे त्याला आमची काळजी वाटत होती, जी त्यानं कधी बोलून दाखवली नाही.

ताईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी महिनाभरात दोन बोटींचा पत्ता लावून दिला.

पहिली उरणच्या बाजूला एका धक्क्यावर होती. लाल-पांढरी, उघडी, टोकदार, मागे कपाटाएवढं काळं इंजिन लटकवलेलं. मालक पस्तिशीतला, लग्नसमारंभांची कंत्राटं घेणारा एक हसरा तरुण होता. त्यानं हौसेनं बोट घेतली होती, पण आता दर सुटीला त्याला दुसऱ्यांच्या हौशी पुरवायच्या असत. त्यानं आल्या आल्या माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला.

“सर, इंजिन एकदम मक्खन आहे. तुम्ही एकदा चालवून बघाच.”

“मी बघणार नाही,” नवरा म्हणाला. “मी बोंबील बघायला चाललोय. या दोघी घेणार आहेत.”

तरुण क्षणभर गडबडला. “अच्छा, आंटी घेणार आहेत!”

ताईंना आंटी म्हटलेलं चालत नाही. त्यांनी सरळ बोटीला एक चक्कर मारली. मीही माझ्या सवयीनं मारली. पुढच्या टोकाशी हातभर जागेत लाल रंग जरा जास्तच लाल होता. मी तिथं हाताचं बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

“धक्क्याला लागली होती,” तो लगेच म्हणाला. “माझ्याच हातून. आतून नवीन फायबर भरून घेतलंय.” सरळ सांगितलं हे मला आवडलं. नोकरीत इतकं सरळ उत्तर मला फार कमी वेळा मिळालं होतं.

लाइफ जॅकेटं चढवून आम्ही बसलो. धक्क्यापासून लांब जाईपर्यंत तो हळू चालवत होता. मग म्हणाला, “धरून बसा,” आणि हातातली दांडी पुढे ढकलली.

बोटीचं तोंड आकाशाकडे उठलं, मागची सीट माझ्या पाठीवर आदळली, आणि मग एकदम सगळं आडवं, सपाट, हलकं झालं. आम्ही पाण्यावर नुसते टेकत चाललो होतो. वारा तोंडात शिरत होता. मला कुणाचा तरी ओरडण्याचा आवाज आला आणि तो माझाच आहे हे कळायला वेळ लागला. घाबरून नव्हते ओरडत. शाळेत असताना उसाच्या रिकाम्या ट्रकमधून उतारावरून आलो होतो, त्या दिवसानंतर मी अशी ओरडले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, केसांची क्लिप कधीच उडाली होती, आणि मला वाटत होतं, अजून, अजून.

शेजारी ताई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात गजाला, ओठ मिटलेले. त्यांचा उजवा पाय बोटीच्या तळावर जोरात दाबलेला होता.

“ब्रेक कुठाय?” त्या वाऱ्यातून ओरडल्या.

“ब्रेक नसतो!” तरुण हसत ओरडला. ‘आंटी’ त्यानं गिळलं.

परत धक्क्यावर आलो तेव्हा मी विस्कटलेले केस हातानं मागे सारले. “ताई, हीच,” मी म्हटलं. “दुसरी बघायलासुद्धा नको.”

ताई गुडघा चोळत होत्या. “दुसरी बघू,” त्या म्हणाल्या.

दुसरी बोट आपट्याला होती, नदीकाठच्या एका बंगल्याच्या आवारात, आंब्याच्या सावलीत ट्रेलरवर चढवलेली. मालक पंचाहत्तरीच्या पुढचे, कान-नाक-घशाचे डॉक्टर. दवाखाना बंद करून नवरा-बायको इथं राहायला आले होते. ही बोट रुंद, बुटकी, साबणाच्या वडीसारखी गोल. पांढरा रंग पिवळटलेला. मधोमध छोटी केबिन, तिला दोन खिडक्या आणि खिडक्यांना चक्क फुलांचे पडदे. इंजिन डिझेलचं, बोटीच्या पोटात.

“हिचं काय काय बिघडलंय ते आधी सांगतो,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी सुरुवात केली. थंड असताना ती धूर सोडते. उजव्या खिडकीतून पाणी येतं. रिव्हर्समध्ये तिचं शेपूट डावीकडेच जातं, काही केल्या उजवीकडे जात नाही. केबिनमध्ये उंच माणसाचं डोकं आपटतं.

मला बघण्यासारखं त्यांनी काही शिल्लकच ठेवलं नाही.

“तुम्ही बोट विकताय की केसपेपर लिहिताय?” आतून चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “ह्यांना विकायचीच नाहीये. मागच्या वर्षी चढताना पडले, तेव्हा मीच म्हटलं, आता पुरे. येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे काहीतरी सांगून परत पाठवतात.”

डॉक्टरांनी ते नाकारलं नाही. चहाचा कप बशीत ठेवून त्यांनी ताईंना विचारलं, “तुम्ही हिचं काय करणार?”

“काय नाय,” ताई म्हणाल्या. “फिरणार.”

“पार्ट्या? पर्यटक वगैरे?”

“नाय हो. आमी दोघी. डबा घेऊन.”

डॉक्टरांचा चेहरा बदलला. आमच्याआधी आलेल्यांना काय काय करायचं होतं ते नंतर कळलं. एकाला तिच्यावर मोठे स्पीकर लावायचे होते, एकाला केबिन तोडून बाकं टाकायची होती. ‘काय नाय’ म्हणणारं आजवर कुणी आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी ट्रेलर ओढून बोट खाडीच्या धक्क्याला नेली आणि भरतीच्या वेळी पाण्यात सोडली. इंजिन दोनदा खोकलं, भरपूर धूर सोडला आणि मग टक-टक-टक करत लागलं. आम्ही निघालो. खरं म्हणजे निघालो आहोत हे मला काठावरची झाडं मागे सरकायला लागली तेव्हा समजलं. डॉक्टरांच्या बायकोनं केबिनमधल्या बर्नरवर दुसरा चहा ठेवला. तो उकळला, गाळला, पिऊन झाला, तरी आम्ही त्याच वळणावर होतो असं मला वाटलं.

“जरा जोरात?” मी विचारलं.

“हे जोरातच आहे,” डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी स्टिअरिंग ताईंच्या हातात दिलं. ताईंनी आधी ते दोन्हीकडे फिरवून बघितलं, बोट किती उशिरानं ऐकते त्याचा अंदाज घेतला आणि पुढे नजर लावली. दोन्ही बाजूंना तिवरं होती, चिखलावर निवट्या नावाचे छोटे मासे सरपटत होते, एक बगळा आम्हाला न जुमानता उभा होता. थोड्या वेळानं ताई गुणगुणायला लागल्या. माझ्या लग्नाला आता किती वर्षं झाली, पण त्यांना गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. मी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय चपला काढून मोकळे पसरलेले होते.

तर अशी पंचाईत झाली. जिनं आयुष्य गाड्यांत काढलं तिला बैलगाडीच्या चालीची बोट हवी, आणि जिनं आयुष्यभर अपघाताचे कागद वाचले तिला उडणारी.

आम्ही भांडलो नाही. आमच्यात भांडणाची पद्धत नाही. ताई मोठ्या आहेत आणि मी त्यांना अहो-जाहो करते, त्यामुळे आवाज चढवायला जागाच राहत नाही. पण पुढचे काही आठवडे दर दोन दिवसांनी ताई संध्याकाळी आमच्याकडे यायच्या आणि चहाबरोबर तोच विषय निघायचा.

“तिच्यात सावली नाय,” ताई म्हणायच्या. “एप्रिलात काय करशील?”

“छत्री लावू.”

“त्या वेगात? छत्री अलिबागला जाईल.”

“तुमच्या बोटीत बसून अलिबागला पोचेपर्यंत पुढचा एप्रिल येईल, ताई.”

नवरा चिठ्ठ्या टाका म्हणाला. आम्ही दोघींनी एकदमच त्याला गप्प केलं.

एकदा मात्र ताई जरा गंभीर झाल्या. बाल्कनीत उभ्या होतो. खाली कॉलनीतली पोरं सायकली शर्यतीत पळवत होती. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “तुला वेगाचं नवल वाटणारच. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या वेगाला ब्रेक लावलाय. रोज सकाळी सहाला कोणतरी नवी बाई चावी फिरवायची आणि मला वाटायचं, आज ही मला कुठं नेऊन आदळते. मला आता भीती नको वाटायला. बस, एवढंच हाय.”

त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पनवेलमधल्या सगळ्या बायकांना वाटायचं, मॅडम कशालाच घाबरत नाहीत. तरी माझ्या मनातून ती लाल बोट जाईना. मीही खरं ते सांगितलं. “ताई, मी कधीच कशात जोरात गेले नाही हो. एकदा गेले, तर आता ते विसरता येत नाही.”

“कळतं मला,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “पण चालवणार कोण?”

“म्हणजे काय? तुम्ही.”

“आणि मला तिथं चक्कर आली तर? गुडघा अडकला तर? घरी कोण आणणार?” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “अर्धी तुझी हाय ना? मग तुला यायलाच पायजे. आधी दोन्ही चालवून बघ, मग सांग कुठली.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ताईंनी अख्ख्या पनवेलला गाडी शिकवली, पण मला शिकवणं त्यांना जमलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी पंधरवडाभर शिकले. कॉलनीच्या फाटकातून बाहेर काढताना गाडी फाटकालाच लावली, उतरले आणि पुन्हा त्या सीटवर बसले नाही. ताईंनी कधी आग्रह केला नाही, मीही विषय काढला नाही. त्यामुळे ‘चालवून बघ’ म्हटल्यावर मला आधी ते फाटकच आठवलं.

आधी लाल बोट. तरुणानं हसत जागा करून दिली. ताई शेजारच्या सीटवर बसल्या आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या तिथं बसल्या की वेगळ्याच दिसतात. आवाज खाली येतो, शब्द कमी होतात. “दोन्ही हात स्टिअरिंगला. लांब बघ. आता उजव्या हातानं दांडी पुढं. थोडी.”

मी थोडी पुढे केली. काही झालं नाही, म्हणून आणखी थोडी केली. तोंड उठलं. समोरचं पाणी दिसेनासं झालं, नुसतं आकाश आणि लाल रंग. आणि मी काय केलं, तर दोन्ही हात सोडून डोळे झाकले.

“सोडू नको!” ताईंनी आडवा हात टाकून स्टिअरिंग धरलं. मागून तरुणानं झेप घेऊन दांडी मागे ओढली. बोट धप्पकन खाली बसली आणि मागून आलेल्या आमच्याच लाटेनं आम्हाला वर-खाली हलवलं. मग तरुण म्हणाला, “होतं असं, मॅडम. माझ्या हातून तर धक्क्याला लागली होती.” ते ऐकून ताई हसायला लागल्या, आणि मग मीही.

मी पुन्हा प्रयत्न केला, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी डोळे उघडे राहिले, पण आनंद कुठंच नव्हता. मागे बसले होते तेव्हा वारा होता, मोकळेपणा होता. पुढे बसल्यावर नुसतं पाणी माझ्या अंगावर येत होतं. परतताना तरुणानं चालवली आणि मी मागे बसले, तर पुन्हा ते सगळं जसंच्या तसं मजेचं झालं. मला काय आवडलं होतं ते तेव्हा नीट समजलं. मला कुणीतरी जोरात न्यावं एवढंच हवं होतं. जोरात नेणं मला नको होतं.

डॉक्टरांच्या बोटीवर मी बसले तेव्हा मनातून हरलेलीच होते. डॉक्टर आणि त्यांची बायको मागे खुर्च्या टाकून बसले. ताई शेजारी.

“दांडी पुढं.”

टक-टक-टक. आम्ही सरकायला लागलो.

“आता त्या खांबाकडं वळ.”

मी स्टिअरिंग फिरवलं. काहीच झालं नाही. मी घाबरून आणखी फिरवणार तोच ताई म्हणाल्या, “घाई कोणाला हाय? सांगितलंयस ना तिला, थांब आता. ती विचार करतेय.”

आणि खरंच, जरा वेळानं बोटीनं विचार पुरा केला आणि वळली. मला एखादी गोष्ट पटायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच तिला लागत होता. मी पुन्हा वळवलं, डावीकडे. पुन्हा थांबले. पुन्हा ती आली. माझ्या खांद्यांतला ताठपणा कधी गेला ते कळलं नाही. एका मोठ्या वळणावरून मी ती अख्खी बोट, फुलांच्या पडद्यांसकट, चार माणसांसकट, एकटीनं नेली.

धक्क्याला लावणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्यांदा मी फार लांब थांबले, दुसऱ्यांदा थांबवायला रिव्हर्स टाकला तर शेपूट डावीकडे गेलं आणि आम्ही आडवे झालो. “मी सांगितलं होतं,” डॉक्टर समाधानानं म्हणाले. मग ताईंनी युक्ती काढली: ते डावीकडे जाणारच असेल तर जाऊ दे, आपण आधीच उजवीकडे थोडं जास्त ठेवू. तसं केलं, आणि बोट आपली आपणच कुशीवर वळल्यासारखी धक्क्याला येऊन टेकली. वर नवरा पापलेटांची पिशवी घेऊन उभा होता. मी चालवत होते हे पाहून तो पिशवीसकट टाळ्या वाजवायला गेला.

“हीच,” मी खाली उतरता उतरता म्हटलं.

“नक्की?” ताईंनी विचारलं. “माझ्यासाठी नको हां. वेगाचं काय?”

“वेग हवा असला की तुम्ही मला गाडीतून एक्सप्रेसवेला न्या.”

“गाडीत ऐंशीच्या वर मी जात नाय,” ताई म्हणाल्या. “पण बघू.”

लाल बोटीच्या तरुणाला ताईंनी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं. तो नाराज झाला नाही. उलट शेवटी त्यानं विचारलं, मॅडम, माझ्या बायकोला गाडी शिकायची आहे, तुमचा क्लास कुठे आहे? ताईंनी पत्ता दिला.

डॉक्टरांनी मात्र व्यवहार झाल्यावरही पंधरा दिवस बोट सोडली नाही. आज ऑइल बदलतो, उद्या खिडकीला रबर लावतो. शेवटी त्यांची बायकोच ट्रेलर घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर पुढे बसून आली आणि बोट आमच्या ताब्यात देऊन गेली. पडदे धुऊन इस्त्री करून लावले होते. डॉक्टर अजूनही अधूनमधून फोन करून विचारतात, धूर कसा आहे? आम्ही सांगतो, चांगला आहे. ते ऐकून त्यांना बरं वाटतं. दोनदा आम्ही त्यांना फिरवूनही आणलं. आता चढताना एका बाजूनं ताई धरतात आणि दुसऱ्या बाजूनं मी, आणि त्यांची बायको काठावरून सूचना देते.

आम्ही दोघींनी बोट चालवायचं रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, परवाने काढले. परीक्षेला बाकी सगळे पंचविशीतले होते. ताईंना शेजारी बसून शिकवायची इतकी सवय की शिकवणाऱ्याच्याच चुका त्या हळू आवाजात मला सांगत होत्या. त्या पास झाल्या. मीही झाले, आणि घरी आल्यावर नवऱ्यानं माझा परवाना देवापुढे ठेवून नमस्कार केला. थट्टेनं की खरंच, ते मी विचारलं नाही.

सगळं काही सुखाचंच झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात इंजिन गरम होऊन बंद पडलं. थंड करणारं पाणी ज्या भोकातून आत येतं तिथं प्लॅस्टिकची पिशवी जाऊन बसली होती. नांगर टाकून, बाह्या वर करून ती खेचून काढेपर्यंत आम्ही दोघी तोंडापासून कोपरापर्यंत काळ्या झालो. पावसाळ्यात बोट बाहेर काढून ताडपत्री घालून ठेवावी लागते, तेव्हा चार महिने ताई चिडचिड्या असतात. आणि कधीतरी एखादी वेगवान बोट आमच्याशेजारून पाणी उडवत जाते, आतली माणसं ओरडत असतात, तेव्हा मला अजूनही हेवा वाटतो. मी ताईंना सांगते, वाटला हेवा. त्या म्हणतात, वाटू दे, आणि लाटेला बोटीचं तोंड देतात.

गेल्या थंडीत एका सकाळी मोठी भरती होती. ताई म्हणाल्या, आज बेलपाड्याच्या अंगाला पाणी नेईल तिथवर जाऊ, आमचं मिठागर कुठं होतं ते तुला पाण्यातून दाखवते. मी चालवत होते. त्या पुढे उभ्या राहून बघत होत्या. डोक्यावरून विमान उतरायला आलं, इतकं खाली की त्याची चाकं मोजता आली असती. ते गेल्यावर ताईंनी हात केला. “ते तिथं. त्या पिवळ्या टॉवरच्या खाली.”

पुढे गेल्यावर म्हणाल्या, “नाय गो, हे इकडं असेल. पुलाच्या अलीकडं.” आणखी थोडं गेल्यावर तिसरीकडेच हात केला. मग कमरेवर हात ठेवून त्या चारी बाजूंना बघत राहिल्या. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार, आणि काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव करू लागले.

“कायच कळत नाय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसूच आलं. “बाबा असते तर त्यांनापण कळलं नसतं. चल, भूक लागली. नांगर टाक.”

मी नांगर टाकला. त्यांनी केबिनमधून डबा काढला: तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. आम्ही पडद्याच्या सावलीत बसून सगळं संपवलं. नवऱ्याचा फोन आला, कुठवर आलात? मी म्हटलं, तुझ्या गावापाशीच आहोत, पण नक्की कुठं ते तुझ्या बहिणीलाही ठाऊक नाही. तो म्हणाला, येताना खेकडे मिळाले तर बघा.

ताई केबिनमध्ये आडव्या झाल्या आणि लगेच झोपल्या. पाणी अजून चढत होतं, त्यामुळे ओहोटीआधी निघायची घाई नव्हती. मी डबा धुतला, पालथा घालून ठेवला आणि स्टिअरिंगसमोरच्या माझ्या जागेवर जाऊन बसले.